भिंतीवरचे कोंबडे

१

नेवा टॅकेटची सकाळ वर्षानुवर्षं एकाच साच्यातली होती. उठायचं, कॉफी लावायची, ओव्हनमधून पावासारखी फुगलेली गरम बिस्किटं काढून त्यांवर सॉसेजची पांढरी ग्रेव्ही ओतायची आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकटीने बसून खायची. पूर्वी खाता खाता ती पेपरातला मृत्यूंचा रकाना वाचायची, टेनेसीच्या त्या डोंगराळ कोपऱ्यातलं आपल्या ओळखीचं कोण गेलं ते बघायला. आता ती टॅबवर सरकारी यादी उघडायची, आपला मुलगा अजून तिथेच आहे का ते बघायला.

घरातल्या बाईला पुन्हा पुन्हा मारणाऱ्या पुरुषांची ती यादी होती. राज्याने नव्यानेच काढलेली. कुणीही उघडावी, नाव टाकावं आणि माणसाचं तोंड बघून घ्यावं. नाव, फोटो, काउंटी म्हणजे जिल्हा, आणि कधी कधी शिक्षा झाली ते; पत्ता मात्र नाही. नेवाच्या मुलाला दोनदा झाली होती. पहिल्या खेपेला लॅना नावाच्या मुलीचा जबडा तारांनी बांधावा लागला होता, आणि तेव्हा नेवा चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहून सगळ्यांना सांगत होती की त्या पोरीची जीभच फार चालायची. दुसऱ्या खेपेला शेजारच्या काउंटीतली कुणी होती, तिचं नाव नेवाने लक्षात ठेवलं नाही.

यादीतलं त्याचं नाव हॉयट टॅकेट. गावात त्याला त्या नावाने कुणी हाक मारत नसे. त्याच्या बापाचंही नाव हॉयट टॅकेटच, म्हणून हा जन्मापासून ज्युनिअर. त्या मुलखात बापाचं नाव जसंच्या तसं पोराला चिकटवायची हौस भारी, आणि मग आयुष्यभर एकाचं टपाल दुसऱ्याच्या हाती आणि एकाची औषधं दुसऱ्याच्या नावावर.

फोटो तिच्या चांगल्याच ओळखीचा झाला होता. ज्युनिअरचा जाड जबडा, कॅमेऱ्यावर उपकार केल्यासारखी नजर आणि पाठीमागे सरकारी ऑफिसातली राखाडी भिंत. त्या दिवशी सकाळी तिला ती भिंत राखाडी वाटली नाही. खांद्याच्या वरच्या बाजूला कसलेसे तांबूस डाग होते. तिने एप्रनच्या टोकाने काच पुसली. ग्रेव्हीचा शिंतोडा असेल, म्हणून पुन्हा पुसली. मग डॉक्टरने डोळ्यातला मोतीबिंदू काढताना काहीतरी गडबड केली असणार, असं ठरवून तिने टॅब पालथा घातला आणि भांडी घासायला घेतली.

२

दोनचार दिवसांत डागांचे कोंबडे झाले.

नीट, रेखीव, तुरेवाले तांबडे कोंबडे. एक डावीकडे बघणारा, एक उजवीकडे, मधे गव्हाची लोंबी. नेवाला ते ओळखायला चष्म्याचीही गरज नव्हती. लग्नानंतर या घरात आल्यावर स्वयंपाकघरापासून बाथरूमपर्यंतच्या बोळात तिने हाच कागद लावला होता. हॉयट, म्हणजे थोरला हॉयट, तिचा नवरा, गेल्यावर महिन्याभरातच तिने आणि ओपलने मिळून तो ओरबाडून काढला आणि भिंतीला सायीच्या रंगाचा हात दिला. ओपल तिची चर्चमधली जुनी मैत्रीण. चांगला कागद का काढतेस, असं ओपलने विचारलं होतं, आणि कोंबड्यांचा कंटाळा आला, असं नेवाने सांगितलं होतं.

कंटाळा हे काही खरं कारण नव्हतं. कागद एका जागी फाटलेला होता. बाथरूमच्या दारापाशी, बरोबर नेवाच्या डोक्याच्या उंचीवर. एका कोंबड्याची मान तिथे गेली होती आणि आतला पिवळट चुना दिसायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला नेवा सांगायची की कपाट हलवताना लागलं. कपाट काही डोक्याच्या उंचीवर धडकत नाही, पण त्या घरात असले प्रश्न विचारायची पद्धत नव्हती.

फोटोत ज्युनिअरच्या डाव्या कानामागे तो मानेविना कोंबडा होता.

नेवा उठली. बोळात गेली. भिंत सायीसारखी, गुळगुळीत, हात फिरवला तर गार. तिने दिव्याच्या बटणाची पट्टी स्क्रू काढून बाजूला केली. पट्टीखाली, रंग न पोचलेल्या चौकोनात, जुन्या कागदाची एक चिंधी शिल्लक होती. त्यावर एक तांबडा पाय आणि त्याची नखं. ती चिंधी तिने कितीतरी वर्षांनी पाहिली, आणि पाहताक्षणी तिचं डोकं मागच्या बाजूला दुखायला लागलं.

ज्युनिअर दुपारी घरी आला तेव्हा तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, की तो यादीतला फोटो कुठे काढला रे? त्याने फ्रिजचं दार पायाने लावलं.

"ऑफिसात. भिंतीसमोर. अजून कुठे काढणार, समुद्रकिनाऱ्यावर?"

"कसली भिंत होती?"

"आई, तू ते बघतेस?" तो अगदी हळू बोलला. हळू बोलायला लागला की नेवा ब्लाउजच्या लांब बाह्यांची टोकं मनगटापर्यंत ओढून घ्यायची. "रोज बघतेस? लोक बघतात ते पुरत नाही का?"

तिने सांगितलं की एकदाच बघितला होता, ओपलने दाखवला म्हणून. मग त्याला केळ्याचं पुडिंग वाढलं आणि तो खाईपर्यंत उभी राहिली.

३

उन्हाळ्याच्या तोंडाशी रविवारच्या जेवणाला त्याने डार्सीला आणलं.

डार्सी प्रुइट दातांच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची, फोन घ्यायची, लोकांच्या फायली लावायची. हसरी, बडबडी, जेवून झाल्यावर कुणी न सांगता ताटं उचलणारी. तिथल्या रीतीप्रमाणे नेवाला ती मिस नेवा म्हणायची, आणि ते म्हणताना असं काही लाडाने म्हणायची की नेवालाही बरं वाटलं. ज्युनिअरला तर ती मुलगी म्हणजे स्वर्गच. तो खुर्ची ओढून द्यायचा, तिच्या ग्लासात गोड गार चहा ओतायचा, तिच्या विनोदांना हसायचा. नेवा हे पाहत होती. थोरला हॉयटही लग्नाआधी खुर्ची ओढून द्यायचा.

डार्सी ऑगस्टपासून इथेच राहायला येणार, असं ज्युनिअरने जेवता जेवता जाहीर केलं. दिवाणखान्याला लागून असलेली खोली दोघांची.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर ओपलने नेवाला गाडीपाशी गाठलं. ओपल बुटकी आणि गोल, पण अंगावर आली की बैलासारखी यायची.

"त्या पोरीला कुणी सांगितलंय का?"

"काय सांगायचंय?"

"नेवा, मला शिकवू नकोस. लॅना सहा आठवडे नळीने सूप पीत होती. तू सांग, नाहीतर मी सांगते."

"तू तुझं घर सांभाळ," नेवा म्हणाली. "ज्युनिअर बदललाय. आणि ती यादी काही देवाने लिहिलेली नाही."

ओपल काही सांगणार नव्हती, हे नेवाला पक्कं ठाऊक होतं. त्या गावात दुसऱ्याच्या घरातलं बोलणं म्हणजे मोठा गुन्हा. मारणं त्याच्या खूप खाली. ओपलने फक्त डार्सीच्या आईपाशी यादीचा विषय काढला, नाव न घेता, पाऊस पडतोय म्हणावं तसा. तेवढंच तिच्याने झालं.

आता नेवाचं काय चाललं होतं, ते सरळच सांगितलेलं बरं, कारण ती स्वतःशीही ते पुऱ्या वाक्यात कधी म्हणाली नाही. गेल्या नाताळात ज्युनिअरने तिला शेगडीवर ढकललं होतं. कोपराच्या वर भाजल्याचा डाग अजून होता. तेव्हापासून ताट फेकलं गेलं की ते तिच्याच दिशेने यायचं, कारण घरात दुसरी दिशाच नव्हती. डार्सी आली की दिशा होणार होती.

४

जुलै संपता संपता फोटोतला माणूस बदलला.

एका रात्रीत नाही. आधी डावी पापणी जराशी खाली आली. मग मिशी पांढरी झाली. मग गालावरचं मांस उतरलं, आणि एका सकाळी बिस्किटाचा घास हातात तसाच राहिला. नेवासमोर तिचा नवरा होता. थोरला हॉयट. जमिनीत पुरलेला, ज्याच्या शवपेटीवर तिने स्वतः मूठभर माती टाकली होती तो. चर्चच्या कारभाऱ्यांतला मानकरी, प्रत्येक लग्नात आणि मयतात पुढे उभा राहणारा, ज्याच्याविरुद्ध कधी एक तक्रार नव्हती, कारण करणारी एकच होती आणि तिने केली नाही.

खाली नाव तेच. हॉयट टॅकेट.

ती विचार करू लागली. मुलगे वयाबरोबर बापासारखे दिसायला लागतात. ज्युनिअरने मिशी वाढवली असेल आणि आपल्याच लक्षात आली नसेल. मग ज्युनिअर अंघोळ करून आला, गुळगुळीत दाढी केलेला, आणि त्याने विचारलं की अशी का बघतेस.

शेवटी तिने मनाची समजूत घातली की ऑफिसातल्या कुणा गाढवाने बापाचा जुना लायसन्सचा फोटो मुलाच्या नावाला जोडला. दोघांची कागदपत्रं नेहमीच एकमेकांत जायची. ही समजूत तशी चांगली होती. फक्त लायसन्सच्या फोटोमागे कोंबडे कुठून आले, तेवढा प्रश्न तिने विचारला नाही.

त्याच आठवड्यात डार्सी सामानाची दोन खोकी घेऊन आली. ज्युनिअर गाडीतून पलंगाचे पाय काढत होता. डार्सी स्वयंपाकघरात आली, दार ओढून घेतलं आणि खिशातून फोन काढला. तिचं हसू आज घरी राहिलं होतं.

"मिस नेवा, हे जरा बघाल? माझ्या आईने धाडलंय. नाव तेच आहे. काउंटीही आपलीच."

नेवाने ओले हात पुसले. फोन घेताना तिने मनात एकच गोष्ट मागितली: या मुलीच्या फोनवर ज्युनिअरचाच चेहरा असू दे. तसं असेल तर ती स्वतःच ओळखेल, निघून जाईल, आणि आपल्याला तोंड उघडावंही लागणार नाही.

फोनवर थोरला हॉयट होता. पापणी खाली, मिशी पांढरी, मागे कोंबडे.

"हा ज्युनिअर आहे का?" डार्सीने विचारलं.

"नाही गं पोरी. हा माझा मुलगा नाही. बायबलवर हात ठेवून सांगते."

"मग कोण?"

"त्याचा बाप. त्याला जाऊन जमाना झाला. नाव एकच ना दोघांचं, इथे सगळेच घोळ घालतात. मेलेल्या माणसाच्या चष्म्यासाठी अजून ज्युनिअरला बोलावणं येतं."

डार्सीने डोळे मिटून श्वास सोडला आणि मग हसायलाच लागली. "आमच्या दवाखान्यात पण हेच! बापाची दाढ मुलाच्या फायलीत. तरीच मी म्हटलं, हा केवढा म्हातारा दिसतोय." तिने फोन खिशात टाकला आणि मग एकदम गंभीर झाली. "म्हणजे... त्यांनी तुम्हाला मारलं होतं, मिस नेवा?"

सगळ्या आयुष्यात हा प्रश्न नेवाला कुणी विचारला नव्हता. ना आईने, ना पाद्र्याने, ना ओपलने. तिने कोरडे हात पुन्हा एकदा एप्रनला पुसले. बाहेर ज्युनिअर कुणाला तरी फोनवर शिव्या देत होता, खिडकीतून स्पष्ट ऐकू येत होतं.

"लोक काहीही लिहितात," नेवा म्हणाली. "जा, त्याला मदत कर. पलंग जड आहे."

आपण एक शब्दही खोटा बोललो नाही, असं ती दिवसभर स्वतःला बजावत राहिली.

५

डार्सी आल्यावर घर काही दिवस छान होतं. खिडक्यांत कुंड्या आल्या. फ्रिजवर चुंबकाने चिकटवलेल्या चिठ्ठ्या आल्या. नेवाच्या दिशेने ताट फेकणं बंद झालं, आणि याचा तिला झालेला आनंद खरा होता. तो लपवायला तिने डार्सीला ग्रेव्ही करायला शिकवली.

मग आवाज सुरू झाला.

टक. थोडा वेळ गेला. टक. मग परत टक. बोळातून, संध्याकाळच्या वेळी, नेवा दिवाणखान्यात टीव्हीपुढे बसलेली असताना. तिने आधी नळाच्या पायपावर खापर फोडलं, मग लाकूड उन्हाने ताणतं त्यावर. पण तिचं शरीर तिच्या आधी ओळखून होतं. आवाज झाला की तिचे पाय आपोआप खुर्चीखाली ओढले जायचे.

कारखान्यातून निवृत्त होताना थोरल्या हॉयटला एक जाड अंगठी मिळाली होती. संतापला की तो ओरडायचा नाही. तो बोळातून सावकाश चालत यायचा, आणि येताना प्रत्येक दाराच्या चौकटीवर अंगठी वाजवायचा. आधी स्वयंपाकघराची चौकट, मग बाथरूमची, मग ती जिथे असेल तिथली. म्हणजे तिला कळावं, तो किती जवळ आलाय ते. अंगठी त्याच्या बोटातून निघाली नाही म्हणून त्याच्याबरोबरच पुरली.

ज्युनिअर अंगठी घालत नसे. नेवाने मुद्दाम त्याचे हात बघितले. जेवताना, दार लावताना, डार्सीच्या मानेवर ठेवलेला असताना. बोटं मोकळी होती.

तो आवाज आला की नेवा रिमोट उचलायची. संध्याकाळी सातला कोड्यांचा एक कार्यक्रम लागायचा, त्यात टाळ्या भरपूर. आवाज दोन घरं वर नेला की बोळ ऐकू येईनासा व्हायचा. लॅना इथे राहायची तेव्हाही नेवा हेच करायची. त्याहीआधी, हॉयट लहानग्या ज्युनिअरला पट्ट्याने मारायचा तेव्हाही. ती सवय इतकी जुनी होती की हात विचारायला थांबत नसे.

ऑक्टोबरात डार्सी एका सकाळी दवाखान्यात गेली नाही. गळ्याभोवती रुमाल बांधून स्वयंपाकघरात आली आणि कॉफीचा कप घेऊन नेवासमोर बसली. चिठ्ठ्या, कुंड्या, विनोद, सगळं कधीच संपलं होतं. नेवाच्या ते लक्षात आलं होतं, जसं कॅलेंडरचं पान उलटायचं राहिलंय हे लक्षात येतं.

"मिस नेवा, काल तुम्हाला काही ऐकू आलं?"

"माझे कान गेले आता, पोरी."

"टीव्ही चांगलाच मोठा होता."

"म्हणून तर मोठा ठेवते."

डार्सीने मान वर केली. ती रागावली नव्हती, तेच वाईट होतं. एखाद्या कुलपात चुकीची किल्ली फिरवून बघावी तशी ती नेवाच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधत होती. मग उठून तिने कप विसळून ठेवला.

ती गेल्यावर नेवाने यादी उघडली. फोटोत हॉयटच्या खांद्यामागे आता बोळ संपून एक दार दिसत होतं. दार अर्धं उघडं. आत टीव्हीचा निळा उजेड, आरामखुर्चीची पाठ, त्यावरून दिसणारे पांढरे केस, आणि हात लांब करून धरलेला रिमोट.

नेवाने टॅब कपाटात, चादरींच्या खाली ठेवून दिला. आपण एवढ्या म्हाताऱ्या दिसतो, याचंच तिला आधी वाईट वाटलं.

६

नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या संध्याकाळी नेवाने रताळी उकडून ठेवली होती. ज्युनिअर उशिरा आला तो धुमसतच. डार्सी खोलीत होती. तिने सामानाची तीच दोन खोकी पलंगावर काढून ठेवली होती. नेवाने ती दुपारीच पाहिली होती आणि काही बोलली नव्हती. पोरीला नाही, आणि ज्युनिअरलाही नाही, एवढं तिच्या बाजूने म्हणता येईल.

सात वाजले. टाळ्या सुरू झाल्या.

टक.

ज्युनिअर तर बोळात नव्हता. तो खोलीत गेलेला तिने पाहिला होता, दार लागलेलं ऐकलं होतं. टक, बाथरूमची चौकट. मग त्या खोलीची. तिथे अंगठी एकदा नाही, अनेकदा वाजली, आणि शेवटी दार उघडून आत कुणीतरी गेलं.

टीव्हीच्या मागची भिंत ही त्या खोलीचीच भिंत. त्यावर टांगलेला हॉयटचा चर्चमधल्या सत्काराचा फोटो हलला. मग भिंतीवर पलीकडून थाप पडली. तळहाताची, पसरलेल्या बोटांची. नेवाला ती कळत होती, कारण याच घराच्या भिंतींवर तिने स्वतः तशा थापा मारल्या होत्या, आणि तेव्हा पलीकडे कुणी नव्हतं.

आज पलीकडे नेवा होती.

"मिस नेवा." आवाज मोठा नव्हता. गळा दाबलेल्या माणसाचा आवाज मोठा होत नाही. "मिस नेवा, प्लीज."

फोन तिच्या मांडीपाशीच, खुर्चीच्या हातावर पडलेला होता. एका हाताशी फोन, दुसऱ्या हाताशी रिमोट. तिने फोनकडे पाहिलं. फोन केला तर पोलीस येतील, ज्युनिअरला नेतील, चार दिवसांनी सोडतील, आणि मग घरात कोण उरेल, याचा हिशोब तिच्या डोक्यात अगदी चोख होता. तेवढ्यात टीव्हीवरच्या बाईंनी कोडं सोडवलं आणि सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. नेवाने आवाज वाढवला. भिंतीवरची थाप आली. तिने अजून वाढवला. थाप आली नाही.

पोलीस शेजाऱ्यांनी बोलावले. टीव्हीचा आवाज सहन होईना, अशी त्यांची तक्रार होती.

७

डार्सी नाताळ बघू शकली नाही. इस्पितळात लावलेल्या नळ्या काढा, असं तिच्या आईलाच सांगावं लागलं. ज्युनिअर आता तुरुंगात होता आणि पुन्हा बाहेर येणार नव्हता. शेरीफकडचा माणूस नेवाशी फार सौम्यपणे बोलला. काही ऐकलंत का, असं त्याने विचारलं. टीव्ही चालू होता, असं तिने सांगितलं, आणि ते शेजाऱ्यांनीही सांगितलं होतं.

दफनाला नेवा गेली नाही. ओपल जाऊन आली आणि दारातच उभी राहिली, आत ये म्हटलं तरी आली नाही. डार्सीच्या आईने तिला सांगितलं होतं की यादी आम्ही वेळेत दाखवली होती, पण पोरगी म्हणाली, मिस नेवांनी बायबलवर हात ठेवून सांगितलंय, तो हा नव्हेच.

"तू असं म्हणालीस?" ओपलने विचारलं.

"फोटो हॉयटचा होता," नेवा म्हणाली. "थोरल्याचा. तूच बघ ना."

ओपलने तिथेच उभ्या उभ्या आपल्या फोनवर यादी उघडली. बराच वेळ बघितलं. मग फोन नेवासमोर न धरताच पर्समध्ये टाकला.

"यात माणूसच नाही, नेवा. नुसती भिंत आहे," ती म्हणाली. "तुझी ती जुनी, कोंबड्यांची." आणि पायऱ्या उतरून गाडीकडे जवळजवळ पळत गेली. ओपल पळताना नेवाने पहिल्यांदाच पाहिली.

नेवाने चादरींखालून टॅब काढला. यादी उघडली. कोंबडे होते. गव्हाच्या लोंब्या होत्या. डोक्याच्या उंचीवर तो मानेविना कोंबडा आणि पिवळट चुना. समोर कुणीही नव्हतं. खाली नाव होतं आणि काउंटी होती, आणि जिथे इतके दिवस पत्ता नसायचा तिथे तिचा पत्ता होता.

ती बोळात जाऊन आली. भिंत सायीच्या रंगाची होती. तिने ज्युनिअरची खोली बघितली, बाथरूम बघितलं, मागचं दार लावलं. मग तिला आठवलं की लावलेलं दार कधीच उपयोगी पडलं नव्हतं, कारण तो बाहेरून कधी आलाच नव्हता. घरात आता दुसरं कुणी नव्हतं. ना ज्युनिअर, ना लॅना, ना डार्सी. एकच दिशा उरली होती, आणि त्या दिशेला नेवा बसली होती.

बाहेर शेजाऱ्यांच्या अंगणातला दिवा लागला होता. त्यांची पोरं त्या उजेडात खेळत होती, कुणीतरी पानं जाळत होतं. सात वाजले, कार्यक्रम लागला, टाळ्या झाल्या.

टक.

स्वयंपाकघराची चौकट. सावकाश, नेहमीसारखी. शेजारी जवळच होते. खिडकी उघडून हाक मारली असती तर ऐकू गेली असती. तिच्या डोक्याच्या मागच्या बाजूला ती जुनी जागा दुखायला लागली.

टक. बाथरूमची.

नेवाने पाय खुर्चीखाली ओढून घेतले. तोंड उघडलं. हाक कशी मारतात ते तिला आठवेना. तिचा हात खुर्चीच्या हातावर चाचपडत गेला, एका बाजूला फोन होता आणि एका बाजूला रिमोट, आणि मागे आरामखुर्चीच्या पाठीशी कुणीतरी येऊन उभं राहिलं तेव्हा तिने सवयीने रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.